फ्लॉरेन्सच्या लेकींचा हुंडा

आज आपण इटलीतल्या फ्लॉरेन्स शहराच्या दोन दिवसांच्या सहलीचा बेत आखणार आहोत. तिथले लोक आपल्या गावाला फिरेन्त्से म्हणतात. जायला मिळेल तेव्हा मिळेल, वाट माहीत असलेली बरी. कपड्यांच्या फॅशनसाठी हे शहर आज जगभर नावाजलेलं आहे, आणि सहाशे वर्षांपूर्वीही त्याची कीर्ती कापडाचीच होती. इथली लोकर, इथलं रेशीम दूरदूरच्या देशांत जायचं. प्रवासाच्या पुस्तकात चित्रं, पुतळे, घुमट यांची भली मोठी यादी असते. आमची वाट मात्र एका साध्या प्रश्नामागे जाते. एवढ्या श्रीमंत गावात लेकीचं लग्न कसं व्हायचं?

स्टेशनवर उतरलं की पायीच निघायचं. जुनं गाव लहान आहे, रस्ते दगडी फरसबंदीचे, म्हणून चप्पल सपाट हवी. सोमवारी उफ्फीझीसारखी मोठी संग्रहालयं बंद असतात, तेव्हा तो वार टाळावा. मुख्य चर्चच्या घुमटावर जायला ४६३ पायऱ्या आहेत आणि तिकीट आधी काढून ठेवावं लागतं. गुडघे दुखत असतील तर खालून बघा, खालूनही तो छानच दिसतो.

पहिल्या दिवशी तोर्नाबुओनी नावाच्या रस्त्यावर जायचं. दोन्ही बाजूंना महागड्या कपड्यांची, बुटांची दुकानं आहेत. काचेतून बघायला पैसे पडत नाहीत. याच रस्त्याला लागून एक दगडी वाडा उभा आहे, स्ट्रोत्सी घराण्याचा. फिलिप्पो स्ट्रोत्सीनं १४८९ साली त्याचं बांधकाम सुरू केलं. आत प्रदर्शनं भरतात. चौकात जरा टेका, कारण इथं आम्हाला फिलिप्पोच्या आईची गोष्ट सांगायची आहे.

तिचं नाव अलेस्सांद्रा. १४३४ साली गावातल्या राजकारणात नवऱ्याची बाजू हरली. त्याला हद्दपार केलं आणि परगावीच तो वारला. पुढं मुलगेही परमुलखात राहिले. ही बाई गावात राहून घर, जमीन, कर सगळं सांभाळत होती आणि मुलांना पत्रं लिहीत होती. तिची सत्तरहून जास्त पत्रं आज शिल्लक आहेत. १४४७ सालच्या एका पत्रात ती मुलाला कळवते की कातेरिनाचं लग्न ठरलं. मुलगा रेशमाच्या व्यापाऱ्याचा, नाव मार्को पारेन्ती. हुंडा १००० फ्लोरिन. फ्लोरिन म्हणजे साडेतीन ग्रॅम सोन्याचं नाणं. आता मनातल्या मनात हिशेब करा. याहून वरचं घराणं हवं असतं तर १४०० ते १५०० लागले असते आणि आपण बुडालो असतो, असं ती लिहिते. पोरगी सोळाची होत आली होती, थांबायला सवड नव्हती.

त्या १००० पैकी ५०० कुठून यायचे होते? सरकारकडून. लढायांनी तिजोरी रिकामी झाली तेव्हा १४२५ साली फ्लॉरेन्सच्या सरकारनं हुंड्याची ठेव योजना काढली. लेक लहान असताना तिच्या नावानं पैसे भरायचे, मुदत साडेसात किंवा पंधरा वर्षं. शंभर भरले तर पंधरा वर्षांनी पाचशे. सुरुवातीला लोक फारसे फिरकले नाहीत, कारण मुलगी मेली तर भरलेले पैसे बुडत, आणि त्या काळी लहान पोरं पटापट जात. १४३३ साली नियम बदलला. मुलगी गेली तरी मुद्दल परत मिळू लागलं. मग मात्र रांग लागली आणि हजारो मुलींची नावं वहीत चढली.

पण मैत्रिणींनो, वहीत नाव मुलीचं असलं तरी रक्कम मिळायची नवऱ्याला, तीही संसार सुरू झाल्यावर. आपल्या बचत गटाच्या बाईला पासबुक स्वतःच्या हातात असण्याचं मोल ठाऊक आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. नवरा मेला तर कायद्यानं हुंडा विधवेचा. तरुण विधवेला माहेरचे परत नेत, हुंडा सोडवून घेत, पुन्हा लग्न लावून देत. मुलं मात्र सासरच्या घराण्याची, ती तिथंच राहायची. आईचा हुंडाही गेला आणि आईही. हुंड्याचे भाव चढत गेले तशा कितीतरी मुली मठात पाठवल्या गेल्या, कारण मठाला कमी पैसे द्यावे लागत.

कातेरिनाला सासरकडून किरमिजी मखमलीचा पोशाख आला, डोक्यावर पिसांची आणि मोत्यांची माळ. ही घराबाहेर पडेल तेव्हा अंगावर चारशे फ्लोरिनहून जास्त असतील, असं आई कौतुकानं लिहिते. असले कपडे बहुधा नवऱ्याच्याच मालकीचे राहत. अडचण आली की ते मोडले जात.

दुसऱ्या दिवशी सकाळी घुमटापासून उत्तरेला दहा मिनिटं चालायचं. एका चौकात कमानींची सुंदर ओसरी दिसेल. कमानींच्या वर निळ्या गोलांत बाळोत्यात गुंडाळलेली पांढरी बाळं आहेत. हे इन्नोचेन्ती, टाकून दिलेल्या बाळांचं घर. रेशीमवाल्यांच्या संघानं ते उभारलं, नकाशा घुमट बांधणाऱ्या ब्रुनेलेस्कीचाच. १४४५ साली पहिलं बाळ आलं. ती मुलगी होती, तिचं नाव ठेवलं आगाता. पुढंही तिथं मुलांपेक्षा मुलीच जास्त आल्या. दूध पाजायला बाळं आसपासच्या खेड्यांतल्या बायकांकडे जात, त्यांना त्याचा पगार मिळे. मोठ्या झालेल्या मुली रेशमाच्या कामाला लागत, आणि त्यांच्याही लग्नाला हुंडा लागेच.

आता तिथं संग्रहालय आहे. छोट्या छोट्या खणांत बाळांबरोबर ठेवलेल्या खुणा जपल्या आहेत: अर्धं कापलेलं नाणं, तुटकं पदक, मण्यांचा तुकडा. दुसरा अर्धा आईकडे असायचा, कधी परत न्यायला आलीच तर ओळख पटावी म्हणून. प्रत्येक खण उघडून बघा, घाई करू नका.

मग वरच्या मजल्यावर जा. तिथं एक लांबलचक उघडी गच्ची आहे. पूर्वी बायका बाळांची धुतलेली बाळोती तिथं वाळत घालायच्या. आता तिथं कॉफी मिळते, आणि समोर घुमट दिसतो.