मौलाना हसरत मोहानी : घटना समितीतील नकाराचा हिशेब

हसरत मोहानी हे नाव घेतले की आपल्या घरांतून पहिली आठवण निघते ती गझलेची. गुलाम अलींनी गायिलेली आणि १९८२ च्या 'निकाह' चित्रपटाने घरोघर पोहोचवलेली त्यांची गझल माहीत नाही असा उर्दूप्रेमी माणूस सापडणे कठीण. थोडे अधिक वाचलेला माणूस 'इन्किलाब जिंदाबाद' ही घोषणा त्यांनी दिली असे सांगेल. पण स्वतंत्र भारताची राज्यघटना तयार होत होती तेव्हा हे शायर सभागृहात सभासद म्हणून बसलेले होते. तिथे त्यांनी कोणत्या बाजूने हात वर केला, कोणत्या प्रश्नावर विरोध नोंदवला, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. मुसलमान लोकप्रतिनिधींनी सभागृहात काय केले, हा प्रश्न आपण नेहमी विचारतो. मग जे उत्तर छापील स्वरूपात उपलब्ध आहे, ते तरी नीट वाचायला हवे.

सय्यद फज्लुल हसन हे त्यांचे मूळ नाव. उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यातल्या मोहान या गावचे म्हणून मोहानी. १९०३ साली अलीगढहून पदवी घेतल्यावर त्यांनी 'उर्दू-ए-मुअल्ला' हे मासिक काढले. त्या काळच्या अलीगढला सरकारनिष्ठा प्रिय होती. हसरतांना मात्र लोकमान्य टिळकांचे राजकारण पटले होते. १९०७ साली सुरतेला काँग्रेस फुटली तेव्हा ते टिळकांबरोबर बाहेर पडले. १९०८ साली, टिळकांना मंडालेची शिक्षा झाली त्याच वर्षी, इजिप्तमधील इंग्रजांच्या शिक्षणविषयक धोरणावर टीका करणारा लेख छापल्याबद्दल हसरतही तुरुंगात गेले. लेखकाचे नाव त्यांनी सांगितले नाही. जबाबदारी स्वतःवर घेतली आणि तुरुंगात चक्की पिसली.

त्यांच्या पुढच्या सगळ्या राजकारणाची किल्ली १९२१ च्या डिसेंबरात अहमदाबादला सापडते. तिथे काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. 'स्वराज्य' या शब्दाचा अर्थ परकीय नियंत्रणापासून पूर्ण मुक्त असे स्वातंत्र्य असा करावा, असा ठराव हसरतांनी मांडला. गांधीजींनी त्याला विरोध केला, त्यात जबाबदारीची जाणीव नाही असे म्हटले, आणि ठराव पडला. त्याच दिवसांत तिथेच मुस्लिम लीगच्या अधिवेशनाचे अध्यक्षपदही हसरतांकडे होते. अध्यक्षीय भाषणात त्यांनी अमेरिकेच्या धर्तीवर भारतीय संघराज्य आणि प्रजासत्ताक घोषित करण्याची कल्पना मांडली. या भाषणांबद्दल त्यांच्यावर खटला झाला, शिक्षा झाली आणि आपल्या पुण्याच्या येरवडा तुरुंगात त्यांना दिवस काढावे लागले. अहमदाबादला पडलेली मागणी काँग्रेसने स्वीकारली ती १९२९ च्या डिसेंबरात, लाहोरला. त्यामुळे एखादा ठराव किती मतांनी पडला यावरून त्याची योग्यता ठरवू नये, हा पहिला धडा इथेच मिळतो.

मधल्या काळात मौलाना कुठे कुठे दिसतात, हे पाहिले तर नवखा वाचक गोंधळून जाईल. १९२५ साली कानपूरला भरलेल्या पहिल्या कम्युनिस्ट परिषदेचे ते स्वागताध्यक्ष. १९३७ साली लखनौच्या अधिवेशनात लीगकडून पूर्ण स्वातंत्र्याचे ध्येय मान्य करून घेणारेही तेच. हजला वारंवार जाणारे, आणि श्रीकृष्णावर प्रेमाने कविता लिहिणारे. १९४६ साली ते लीगच्या तिकिटावर निवडून आले आणि संयुक्त प्रांतातून घटना समितीत गेले. फाळणी झाली तेव्हा लीगचे अनेक पुढारी कराचीला गेले. मौलाना इथेच राहिले.

आता घटना समितीकडे वळू. तिथल्या कामाची पद्धत लक्षात घेतल्याशिवाय एखाद्या सभासदाचा हिशेब मांडता येत नाही. मसुद्याला ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. अध्यक्ष दुरुस्ती मताला टाकत, सभासद 'होय' किंवा 'नाही' असा आवाज देत, आणि ज्या बाजूचा आवाज मोठा तिचा निर्णय जाहीर होई. मोजणी क्वचितच झाली. शिवाय काँग्रेस पक्षाचे प्रचंड बहुमत होते आणि बहुतेक निर्णय आधी पक्षाच्या बैठकीत होत. त्यामुळे त्या सभागृहातील कोणा एकाच्या मतदानाचा तक्ता आज कुणी मागितला, तर तो मिळणार नाही. मिळतात ती भाषणे आणि दुरुस्त्या. ज्याने आपली दुरुस्ती पडणार हे माहीत असूनही ती मांडली, त्याचे मत तेवढे निश्चितपणे कळते. मौलाना अशा सभासदांपैकी होते.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मसुदा सभागृहापुढे ठेवला. त्याच दिवशी मौलानांची सूचना आली की, मसुद्याचा विचार पुढे ढकलावा. संयुक्त मतदारसंघांतून आणि जातीय नव्हे तर राजकीय पक्षांच्या पायावर नवी घटना समिती निवडावी आणि तिने हे काम करावे. सूचना मान्य झाली नाही. पण ती कोणी केली ते पाहा. जो मनुष्य स्वतः मुस्लिम राखीव जागेवरून, लीगच्या तिकिटावर निवडून आला होता, तोच 'ज्या पायावर आम्ही निवडून आलो तो पायाच चुकीचा आहे' असे म्हणत होता. आपल्या खुर्चीखालची जमीन अशी खणणारा लोकप्रतिनिधी आपण किती पाहिले?

दुसरी गोष्ट 'स्वतंत्र' या शब्दाची. २२ जानेवारी १९४७ रोजी मंजूर झालेल्या ध्येयविषयक ठरावात भारताला स्वतंत्र सार्वभौम प्रजासत्ताक म्हटले होते. मसुदा समितीने १९४८ साली ते 'सार्वभौम लोकशाही प्रजासत्ताक' असे केले. 'स्वतंत्र' हा शब्द गळाला. एप्रिल १९४९ मध्ये लंडनला असे ठरले की, भारत प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलात राहील आणि ब्रिटिश राजाला राष्ट्रकुलाचा प्रमुख मानील. मे महिन्यात पंडित नेहरूंनी ही गोष्ट सभागृहाच्या संमतीसाठी आणली, तेव्हा विरोध करणाऱ्या मोजक्या सभासदांत मौलाना होते. १९२१ साली जो माणूस 'परकीय नियंत्रणापासून पूर्ण मुक्त' या शब्दांसाठी गांधीजींशी भांडला, तो १९४९ साली नेहरूंशी त्याच कारणासाठी भांडत होता. आज राष्ट्रकुलाने आपले काही बिघडले नाही असे म्हणता येईल. पण त्या माणसाने अठ्ठावीस वर्षांत आपला शब्द बदलला नव्हता.

तिसरी नोंद १७ ऑक्टोबर १९४९ या एका दिवसाची आहे. त्या दिवशी उद्देशिका विचारात घेतली गेली. मौलानांनी पर्याय मांडले. भारत सार्वभौम संघीय प्रजासत्ताक व्हावा, सार्वभौम स्वतंत्र प्रजासत्ताक व्हावा, किंवा सोव्हिएत रशियाच्या धर्तीवर भारतीय समाजवादी प्रजासत्ताकांचा संघ व्हावा. एकही पर्याय स्वीकारला गेला नाही. ह. वि. कामथ यांनी उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने करण्याची दुरुस्ती मांडली होती. तिच्यावर मात्र मोजणी झाली आणि ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी पडली. ते ४१ हात कोणाचे होते, हे आकड्यांवरून कळत नाही. मौलानांचे 'समाजवादी' हे विशेषण १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत आले, तेव्हा त्यांना जाऊन पंचवीस वर्षे झाली होती. ते विशेषण तिथे असावे की नसावे हा वाद २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पुन्हा गेला आणि न्यायालयाने ते कायम ठेवले.

त्याच दिवशी काश्मीरविषयक कलम चर्चेला आले. मसुद्यात ते ३०६ अ होते; पुढे ते ३७० झाले. गोपालस्वामी अय्यंगार कलम मांडत असताना मौलानांनी प्रश्न टाकला : हा भेदभाव का? हे एक वाक्य पुढे फार उपयोगी पडले. ५ ऑगस्ट २०१९ च्या निर्णयाआधी आणि नंतरही, 'पाहा, एका मुसलमान सभासदानेच ३७० ला विरोध केला होता' अशा थाटात ते उद्धृत होत राहिले. पण मौलाना नंतर सविस्तर बोलले, ते वाचले तर अर्थ उलटतो. शेख अब्दुल्लांना मिळणाऱ्या सवलतींना माझा विरोध नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्यांची तक्रार अशी की, काश्मीरच्या महाराजांना जे देता, ते बडोद्याच्या गायकवाडांना का नाही? बडोदा संस्थान त्याच वर्षी १ मे रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले होते. म्हणजे काश्मीरला कमी द्या असे ते म्हणत नव्हते. इतरांनाही तेवढेच द्या असे म्हणत होते. संस्थानिकांची बाजू समाजवाद्याने घ्यावी हे विचित्र वाटते खरे. पण घटक राज्यांना अधिकाधिक स्वायत्तता, आणि दिल्लीच्या हाती कमीत कमी सत्ता, ही त्यांची १९२१ पासूनची मागणी होती. अय्यंगारांनी उत्तर दिले की, काश्मीरची परिस्थितीच वेगळी आहे. चर्चा तिथे संपली. अर्धे वाक्य मात्र अजून फिरते आहे.

अल्पसंख्याकांच्या राखीव जागांचा प्रश्न आला, तेव्हाही मौलानांची भूमिका याच विचारातून निघाली. सरदार पटेलांनी २५ मे १९४९ रोजी धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा रद्द करण्याचा अहवाल मांडला. मद्रासचे मोहम्मद इस्माईल वगैरे लीगचे सभासद विभक्त मतदारसंघ मागत होते. घटना समितीतील एकमेव मुस्लिम महिला बेगम ऐजाज रसूल यांनी मात्र राखीव जागा ही अल्पसंख्याकांना बहुसंख्याकांपासून कायमचे तोडणारी गोष्ट आहे असे सांगितले. मौलाना एक पाऊल पुढे होते. राजकीय कार्यक्रमावर पक्ष बनले तर मुसलमान अल्पसंख्य उरतातच कुठे, असा त्यांचा युक्तिवाद होता. मतपेटीपुढे उभा असलेला गरीब विणकर आपल्याला कोणत्या वर्गाचा समजतो, यावर सगळे अवलंबून आहे असे ते मानत. पुढच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी हा आशावाद खरा ठरवला नाही. जातीय पक्ष संपले नाहीत, आणि संयुक्त मतदारसंघांतूनही विधिमंडळात मुसलमानांची संख्या लोकसंख्येच्या प्रमाणात राहिली नाही. तरी त्यांचा प्रश्न खोटा ठरला असे आम्हाला वाटत नाही.

इथपर्यंतचे मौलाना आमच्यासारख्या वाचकांना आवडतील. पण हिशेब पूर्ण मांडायचा तर २ डिसेंबर १९४८ चे पानही उघडले पाहिजे. त्याच्या थोडे आधी, २३ नोव्हेंबरला, समान नागरी कायद्याच्या कलमावर चर्चा होऊन मुस्लिम सभासदांच्या दुरुस्त्या पडल्या होत्या. २ डिसेंबरला मौलाना उठले आणि ठणकावून म्हणाले की, कोणत्याही गटाच्या व्यक्तिगत कायद्यात हात घालण्याचा कोणत्याही पक्षाला अधिकार नाही. मुसलमानांचा विवाह, तलाक आणि वारसा कुरआनावर उभा आहे आणि त्यात ढवळाढवळ मुसलमान सहन करणार नाहीत. रशियाचा नमुना पुढे ठेवणारा मनुष्य इथे उलेमांच्या शेजारी बसलेला दिसतो.

याला विसंगती म्हणून सोडून देणे सोपे आहे. आम्हाला त्यात त्यांची सुसंगती दिसते, आणि त्याच सुसंगतीची मर्यादाही दिसते. मध्यवर्ती सत्तेने कोणाच्याही अंगणात येऊ नये, हे त्यांचे सूत्र. प्रांताच्या नाही, संस्थानाच्या नाही, जमातीच्याही नाही. पण त्या अंगणाच्या आत जी स्त्री बसली आहे, तिचे स्वातंत्र्य कोणी मोजायचे? सत्ता दिल्लीत एकवटली तर जुलूम होतो, हे मौलानांना दिसले. ती घरात आणि जमातीत एकवटली तरीही जुलूम होतो, हे त्यांच्या भाषणात येत नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, तेव्हा हाच सुटलेला प्रश्न रस्त्यावर आला होता. स्वातंत्र्य हा शब्द ज्याने आयुष्यभर पुरा उच्चारला, त्याच्या हिशेबातही ही बाकी राहिली, हे आपण मोकळेपणाने म्हटले पाहिजे. मौलानांविषयीचा आदर त्याने कमी होत नाही.

मसुद्याला त्यांचा विरोध अखेरपर्यंत राहिला. बहुमताने २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना स्वीकारली. तीत मौलानांच्या दुरुस्त्यांचा मागमूस नाही. १३ मे १९५१ रोजी लखनौला त्यांचे निधन झाले, पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायच्या आधी.

आज असा सभासद सभागृहात असता तर काय झाले असते? १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याचे सभासदत्व जाऊ शकते. पक्षांतराच्या बाजाराला आळा घालायला हा कायदा आला, हे खरे. पण त्याबरोबर सद्सद्विवेकाच्या मतालाही कुलूप लागले. त्यामुळे आजच्या मुसलमान आमदार-खासदाराला 'तुम्ही कौमसाठी काय केले' असे विचारताना, त्याला स्वतःचे मत देण्याची मुभा किती आहे हेही विचारावे लागेल.

आपल्याकडे लोकप्रतिनिधीला दोन प्रश्न विचारले जातात. बाहेरचे विचारतात, तू देशाशी निष्ठावान आहेस का? आतले विचारतात, तू आमचा आहेस का? मौलानांनी दोन्ही प्रश्नांना ठरावीक उत्तर दिले नाही. म्हणून ते कोणाच्याच यादीत नीट बसत नाहीत, आणि ज्याला जेवढे हवे तेवढे त्यांचे वाक्य तो कापून नेतो. घटना समितीच्या चर्चा छापलेल्या आहेत. उर्दूचे वारस म्हणून त्यांची गझल आपण जपली. मराठी वाचकांसाठी त्यांची ही भाषणे कोणीतरी अख्खी, एकही ओळ न गाळता, मराठीत आणली पाहिजेत. त्यात आपल्याला आवडणारी पाने असतील तशी न आवडणारीही असतील, आणि दोन्ही आपल्या तरुणांच्या हाती पडली पाहिजेत.