घरपाकोळी की ताडपाकोळी? पाठ आणि शेपूट पाहून अशी ओळखा

संध्याकाळी बसस्थानकाच्या छताभोवती, जुन्या वाड्याच्या कमानीपुढे किंवा माळावरच्या ताडांवर कोयत्यासारख्या पंखांचे छोटे पक्षी घिरट्या घालतात. या पाकोळ्या. इंदूर-ग्वाल्हेरकडे आणि हैदराबादेत त्यांना ‘अबाबील’ म्हणतात, पण त्याच नावात भिंगरीही येते. मराठीतही काही ठिकाणी पाकोळी म्हणजे लहान वटवाघूळ, तर काही ठिकाणी फुलपाखरू. नावाचा असा गोंधळ असल्याने पक्षी पाहूनच ओळखलेला बरा.

आधी भिंगरी वगळा

विजेच्या तारेवर रांगेत बसलेली दिसली, तर ती भिंगरी. पाकोळी तारेवर किंवा फांदीवर बसत नाही. तिचे पाय अगदी आखूड. ते भिंतीला किंवा पानाला लटकण्यापुरतेच. उडणारे किडे ती हवेतच टिपते.

घरपाकोळी (एपस अफिनिस)

- रंग काळपट, गळा पांढरा.
- शेपटीच्या अगदी वर, पाठीच्या टोकाला ठळक पांढरा पट्टा. हीच मुख्य खूण.
- शेपूट आखूड आणि टोकाला जवळजवळ सरळ कापल्यासारखी. अंग भरीव.
- थव्याने राहते. संध्याकाळी सगळा थवा किलबिलाट करत उंच गोल फिरतो.
- घरटं वळचणीला, कमानीत, पुलाखाली. पिसं आणि गवताच्या काड्या लाळेने चिकटवून केलेली ही घरटी बहुधा एकमेकांना लागून असतात.

ताडपाकोळी (सिप्सिअरस बालासिएन्सिस)

- रंग फिकट तपकिरी. पाठीवर पांढरा पट्टा नाही.
- अंग सडपातळ, पंख लांब आणि अरुंद.
- शेपूट लांब आणि दुभंगलेली. मात्र उडताना ती बहुतेक वेळ मिटलेली असते आणि एकच टोक दिसतं. वळताना दोन टोकं उघडतात.
- पंखांची फडफड भराभर, मध्येच थोडं तरंगणं.
- घरटं ताडाच्या पानाला, खालच्या बाजूने. अंडीही लाळेने घरट्याला चिकटवलेली असतात, म्हणून पान वाऱ्याने हललं तरी ती पडत नाहीत. कधी सुपारीच्या झाडावरही घरटं असतं.

उन्हात रंग दिसत नसेल तर?

आकाशाकडे पाहताना दोन्ही काळ्याच दिसतात. अशा वेळी पक्षी वळेपर्यंत थांबा. पाठीवर पांढरं चमकलं तर घरपाकोळी, शेपटीची दोन टोकं उघडली तर ताडपाकोळी. नुसत्या जागेवरून ठरवू नका. किडे टिपायला घरपाकोळी शेतावर आणि ताडांवरही जाते.

ओळख कशासाठी?

कारण दोघींची घरटी माणसाच्या हातून वेगवेगळ्या तऱ्हेने मोडतात. घरपाकोळीची मोडतात रंगकामात. तिचा विणीचा काळ साधारण फेब्रुवारी ते सप्टेंबर. म्हणजे गणपतीआधी भिंती खरवडताना आत पिल्लं असू शकतात. घरटं दिवसा रिकामं वाटलं तरी ते सोडलेलं असतंच असं नाही. विणीनंतरही पाकोळ्या रात्री त्यातच झोपतात. रंग द्यायचाच असेल, तर संध्याकाळी ये-जा पाहून घ्या आणि विणीचा काळ सरू द्या.

ताडपाकोळीचं घर जातं ते ताड तोडल्यावर किंवा खाली लोंबणारी पानं साफ केल्यावर. पानं काढण्याआधी वर पाकोळ्या शिरतात का, ते थोडा वेळ उभं राहून बघावं. ताडच संपले, तर तिला वळचण चालत नाही.

पाकोळी जमिनीवर पडलेली दिसली तर

लांब पंख आणि आखूड पाय, त्यामुळे सपाट जमिनीवरून तिला उडणं अवघड जातं. ती दर वेळी जखमी असते असं नाही. हवेत फेकू नका, चोचीत पाणी ओतू नका. मोकळ्या जागी तळहातावर ठेवून हात उंच धरा. धडधाकट असेल तर ती स्वतःच उडेल. नाहीच उडाली, तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा आणि वनखात्याला किंवा जवळच्या पक्षिमित्रांना कळवा.