आजीचं चर्च, बापाचं चर्च, पोराचं चर्च

दोस्तांनो, एक शिवी आपण फार सहज देतो. "गव्हासाठी बाटलेले." ख्रिस्ती झालेल्या आपल्याच महार-मांग भावांना देतो. मीही दिली. गिरणीत, रातपाळीला, सोबत्याच्या तोंडावर. तो कॅथलिक, वैजापूरकडचा. काही बोलला नाही. चहाच्या सुट्टीत म्हणाला, "आधी माझी आजी ऐक. मग बोल."

मी हिवरा आश्रमचा. लहानपणी आश्रम म्हणजे मले विवेकानंद जयंतीची पुरी आणि वांग्याची भाजी. हजारो माणसं एका पंगतीत. मोठा झालो तसा प्रश्न पडला, इथं एका रांगेत जेवलेला माणूस आपल्या गावात परत गेल्यावर कुठं बसतो? पंगत तीच, बघणारा बदलला. म्हणून त्याचं बोलणं मले लवकर उमजलं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्याच्या भागात फ्रान्सिस डी सेल्सच्या नावानं चालणाऱ्या संघाचे फादर आले. घोगरगावला मिशन झालं. त्याच सुमारास १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ पडला. पोटाला भाकर लागत होती, खोटं कशाला बोला? पण वस्तीत येऊन बसणारा माणूसही लागत होता. आजीच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. एक अक्षर कळायचं नाही. तरी ती गुडघे टेकायची. चर्च म्हणजे देवाचं घर, फादर सांगेल ते खरं. ज्या घराला देवळाची पायरी बंद होती, त्या घराला आत घेणारी ती जागा होती.

बापाचं चर्च वेगळं. १९६२ ते १९६५ रोमला दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. त्यानंतर मिस्सा मराठीत आली. चर्च म्हणजे नुसते बिशप-फादर नाहीत, चर्च म्हणजे देवाची प्रजा, असं परिषदेनं १९६४ साली लिहून दिलं. १९७७ साली अमरावती धर्मप्रांतातून औरंगाबादचा वेगळा निघाला. आमचा बुलढाणा अमरावतीतच राहिला. बाप मिशनच्या बोर्डिंगात शिकला. त्याला चर्च म्हणजे शाळा, लग्न, मयत, आपली माणसं. चर्चला कोणी बोललं तर आईला बोलल्यासारखं त्याला लागतं.

आणि पोरगा? पोरगा विचारतो, "येशूपुढं सगळे सारखे, मग दक्षिणेत दलित ख्रिस्त्यांची कबरस्तानं वेगळी का?" तो सरकारलाही विचारतो. १९५० च्या आदेशानं अनुसूचित जात फक्त हिंदूची धरली. १९५६ साली शीख आले, १९९० साली आपण बौद्ध आलो. ख्रिस्ती बाहेरच. सुसै नावाचा मद्रासचा चर्मकार १९८५ साली सुप्रीम कोर्टात हरला. धर्म बदलल्यावरही जातीचा जाच तेवढाच राहतो हे सिद्ध करा, असं कोर्ट म्हणालं. म्हणजे चर्च म्हणणार आमच्यात जात नाही, कोर्ट म्हणणार पुरावा आणा. मधे माणूस चेपला. २०१६ साली भारतातल्या कॅथलिक बिशपांनी स्वतःच धोरण काढून चर्चमध्ये जातिभेद आहे हे कबूल केलं. २०२२ साली हैदराबादचे अँथनी पूला पहिले दलित कार्डिनल झाले. इतक्या उशिरा!

मी म्हणालो, "मग सोड ना." तो म्हणाला, "दोन नोव्हेंबरला आजीच्या कबरीवर मेणबत्ती कोण लावणार? चर्च काय एकट्या बिशपाचं हाय?"

जेम्स फाउलर नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९८१ साली श्रद्धेच्या पायऱ्या मांडल्या. आधी गोष्टीवरची श्रद्धा, मग आपल्या माणसांची म्हणून धरलेली, मग स्वतः तपासलेली, त्यापुढं दोष दिसूनही जाणतेपणी धरलेली. मांडणी कामाची आहे. पण पायऱ्या म्हटलं की वरचा-खालचा आलाच, आणि ते दुखणं आपल्याएवढं कोणाला ठाऊक? आजीला खालच्या पायरीवर बसवू नका. तिनं दार ओलांडलं म्हणून नातू आत उभा राहून भांडतो.

बाबासाहेबांनीही ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांवर लिहिलं, धर्मांतरानंतरही जात सुटली नाही हे स्पष्ट लिहिलं. पण शिवी दिली नाही. त्यांचा स्वतःचा रस्ता बघा. १९३० ला काळारामाच्या दारात सत्याग्रह, १९३५ ला येवल्याची घोषणा, १९५६ ला नागपूर. एकवीस वर्षं तपासलं आणि मग पाऊल टाकलं.

आता आपल्याकडं बघा. माझ्या आजीसाठी विहार म्हणजे बाबासाहेबांचं घर. बापासाठी जयंती, वर्गणी, समाज. मी एका विहारात वर्गणीचा हिशेब विचारला, तर म्हणाले, "तुझी निष्ठा कमी पडली." निष्ठा होती म्हणूनच विचारला. नसती तर घरी झोपलो असतो. तपासून घ्या, हे तर बुद्धानं कालामांना सांगितलेलं. प्रश्न विचारणाऱ्या पोराला हाकललं, तर आपल्या विहाराला आणि त्या जुन्या देवळाला फरक काय राहिला?

दुसऱ्या रातपाळीला मी ती शिवी परत घेतली. तुम्हीही घ्या. आणि केंद्रात १९९० साली आपल्याला मिळालं ते त्यालाही मिळावं, म्हणून सभेत उभं राहून बोला. जात एकच होती, दाखला का दोन?

जय भीम.