तापसंवेदक, विद्युत् शीतनपंख्याचा (जुन्या मोटारगाड्यांतील)

एंजिनातील पाण्याचे तापमान ठरावीक अंशापर्यंत चढताच रेडिएटरचा विजेचा पंखा सुरू करणारा, आणि ते काही अंश उतरताच तो बंद करणारा स्वयंचलित खटका. गॅरेजमध्ये यास नुसते ‘सेन्सर’ किंवा ‘फॅन स्विच’ म्हणतात. याचे शरीर पितळेचे असून त्याच्या पोटात, भिन्न प्रमाणात प्रसरण पावणाऱ्या दोन धातूंची एकत्र जोडलेली पातळ चकती असते. ती तापली म्हणजे एकदम उलट बाजूस वळते व दोन टोकांतील विद्युत्‌मार्ग जोडला जातो. ९२ अंश सेल्सिअसला जोडणारा खटका बहुधा ८७ अंशांना सुटतो. हे पाच अंशांचे अंतर मुद्दाम राखलेले असते, कारण दोन्ही क्रिया एकाच अंशावर होऊ लागल्या तर पंखा क्षणोक्षणी चालू-बंद होऊन खटक्याची टोके जळून जातील.

आरंभीच्या मोटारींत अशा साधनाची गरजच कोणास भासली नव्हती. १९०८ ते १९२७ या काळात निघालेल्या फोर्ड ‘मॉडेल टी’च्या बहुतेक गाड्यांत पाण्याचा पंपही नसे, तापलेले पाणी हलके होऊन वर चढे आणि निवलेले खाली उतरे, या निसर्गनियमावरच सारी भिस्त होती. पुढे पंप आला, आणि त्याच्याच आसावर बसविलेला, पट्ट्याने फिरणारा पंखा रूढ झाला. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फिआट ११०० व तिचीच पुढली पिढी असलेली १,०८९ घन सेंटिमीटर एंजिनाची प्रीमिअर पद्मिनी, तसेच हिंदुस्तान मोटर्सची अँबॅसडर, या सर्वांचा पंखा पट्ट्याचाच होता. या पंख्याचा अंगभूत दोष असा की त्याचा वेग एंजिनाच्या वेगाशी जखडलेला असतो. त्यामुळे मोकळ्या रस्त्यावर समोरून येणारा वारा पुरेसा असतानाही तो एंजिनाची शक्ती खात राहतो, आणि जेथे गाडी उभी असून वाऱ्याची खरी निकड असते तेथे तो मंदावतो. १९८३च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८००मध्ये एंजिन आडवे बसविलेले असल्याने पट्ट्याने पंखा फिरविणे सोयीचे नव्हते. तेव्हापासून विजेचा पंखा व त्याचा संवेदक या वस्तू आपल्याकडील प्रत्येक मिस्त्रीच्या हाताखालून जाऊ लागल्या.

छत्रपती संभाजीनगर येथे जुन्या, पट्ट्याच्या पंख्याच्या गाडीला विजेचा पंखा व संवेदक बसविण्याचा विचार मालकाच्या मनात येतो तो सहसा उन्हाळ्यात. मे महिन्यात येथील पारा चाळीस अंश ओलांडतो. वेरूळकडे जाणारा रस्ता देवगिरीच्या तटाच्या दरवाजातून जात असल्याने सुटीच्या दिवशी तेथे वाहनांची रांग लागते, आणि त्या रांगेत तापलेल्या गाडीला लगेच पुढे खुलताबादचा चढ चढावा लागतो. कन्नडच्या घाटात पहिल्या गिअरवर रखडण्याचा प्रसंगही तसाच. परंतु उष्म्याहून कमी लक्षात घेतली जाणारी बाब म्हणजे या शहराची उंची. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६८ मीटरवर वातावरणाचा दाब घटलेला असल्याने येथे उघड्या भांड्यातील पाणी १०० अंशांस नव्हे, तर साधारण ९८ अंशांसच उकळते. जिच्या रेडिएटरला दाब धरणारे झाकण नाही अशा खऱ्या अर्थाने प्राचीन गाडीला म्हणूनच ९२ अंशांचा संवेदक बसविणे धोक्याचे ठरते, कारण पंखा सुरू होण्याच्या क्षणी उकळण्यास अवघे सहा अंश उरलेले असतात. उलटपक्षी दर चौरस इंचास सात पौंड दाब धरणारे झाकण असेल, तर उत्कलनबिंदू सुमारे ११० अंशांपर्यंत जातो आणि तोच संवेदक निर्धास्तपणे चालतो.

अंशांची ही निवड हाच या कामाचा गाभा होय, आणि बाजारात हाती येईल तो खटका बसवून मोकळे होण्याच्या वृत्तीने जितकी एंजिने बिघडतात तितकी वायरिंगच्या चुकांनीही बिघडत नसावीत, असे या नोंदीच्या लेखकाचे मत आहे. वरची सरहद्द उत्कलनबिंदूने ठरते, तशी खालची थर्मोस्टॅटने, म्हणजे ठरावीक अंशाला एंजिनातील पाणी रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेने. थर्मोस्टॅट ८२ अंशांना उघडणारा असून एंजिनाच्या तोंडाशी बसविलेला संवेदक ८० अंशांचा घेतला, तर पंखा कधीच बंद होणार नाही.

यातही संवेदकाची जागा विचारात घ्यावी लागते. रेडिएटरच्या वरच्या नळीत एंजिनातून बाहेर पडणारे पाणी असते, खालच्या टाकीत निवून परत निघालेले; दोहोंत पाच ते दहा अंशांचा फरक सहज पडतो, तेव्हा खाली बसविण्याचा संवेदक तेवढ्या कमी अंशांचा हवा. खालच्या टाकीला भोक पाडून त्यावर आट्यांची पितळी बैठक झाळून घेणे हा जुना व भक्कम मार्ग असला, तरी मूळ रेडिएटरवर असा कायमचा घाव घालण्याची शिफारस करवत नाही. वरची रबरी नळी कापून मधोमध धातूचा तुकडा बसवावा, त्यावर २२ मिलिमीटर व्यासाच्या व १.५ मिलिमीटर अंतराच्या आट्यांत संवेदक आवळावा, आणि मूळ नळी फडताळात जपून ठेवावी, हे उचित. एकाच टोकाचा संवेदक असल्यास एक खबरदारी येथे अनिवार्य आहे: दोन्ही बाजूंस रबर असल्यामुळे हा तुकडा गाडीच्या सांगाड्यापासून विद्युत्‌दृष्ट्या तुटलेला राहतो, सबब त्यास अर्थिंगची स्वतंत्र तार द्यावी लागते. ती विसरली तर सारी जोडणी बिनचूक असूनही पंखा हलत नाही, आणि मिस्त्री निष्कारण नवा संवेदक मागवितो.

पंख्याचा सगळा प्रवाह संवेदकातून नेऊ नये. पंखा दहा-बारा अँपिअर घेतो व सुरू होताना त्याहून पुष्कळ अधिक. म्हणून मध्ये रिले, म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणारा खटका, घालावा लागतो. रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकास बॅटरीकडून फ्यूजमार्गे तार, ८७ला पंखा, ८६ला इग्निशनची तार आणि ८५ला संवेदक, अशी रूढ मांडणी आहे. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका निकट असावा. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेसारख्या ब्रिटिश गाड्यांत सांगाड्याला बॅटरीचे धन टोक जोडलेले असते; अशा गाडीत पंखा नेहमीप्रमाणे जोडल्यास तो उलटा फिरून एंजिनाकडील गरम हवा पुढे ढकलू लागतो. पंख्याच्या मोटरच्या दोन तारांची अदलाबदल केली की दोष जातो, मात्र रिलेच्या आत डायोड असता कामा नये. १९५५ पर्यंतच्या अमेरिकी फोर्ड गाड्या तर सहा व्होल्टांच्या. त्यांना बारा व्होल्टांचा पंखा निरुपयोगी होय.

खरी अडचण डायनॅमोची आहे. ल्यूकास सी-४० हा त्या काळचा नावाजलेला डायनॅमो भर वेगात २२ अँपिअर देई, पण एंजिन संथ फिरत असताना जवळजवळ काहीच देत नसे. याचा अर्थ असा की देवगिरीच्या दरवाजाशी गाडी थांबून पंखा फिरू लागतो, नेमक्या त्याच वेळी त्याचा सारा भार बॅटरीवर पडतो. रात्रीची वेळ असेल तर पंखा सुरू होताक्षणी दिव्यांचा प्रकाश पिवळट होऊन मंदावलेला चालकाला दिसतो. दिवे, इग्निशन व पंखा मिळून वीस-बावीस अँपिअर सहज होतात, म्हणजे चालत्या गाडीतही डायनॅमोची मजल तेथेच संपते. आल्टर्नेटर बसविल्यावाचून मूळ पंखा काढून टाकू नये. तो ठेवून विजेचा पंखा रेडिएटरच्या पुढच्या अंगास साहाय्यक म्हणून लावणे अधिक शहाणपणाचे. पट्टा तर कोणत्याही परिस्थितीत राहणारच, कारण पाण्याचा पंप त्याच्यावर चालतो.

बसविण्यापूर्वी संवेदकाची पारख घरीच करता येते. पातेल्यात पाणी घेऊन त्यात संवेदकाचे आटे बुडतील पण टोके कोरडी राहतील असा तो तारेने टांगावा, शेजारी तळाला न टेकणारा तापमापक सोडावा, आणि बॅटरी व लहान दिवा संवेदकातून जोडून मंद आचेवर पाणी तापवावे. चकती वळल्याचा बारीक ‘टक’ ऐकू येतो व दिवा लागतो. त्या वेळचा अंश टिपावा, मग आच काढून दिवा विझेल तो अंश टिपावा. छापील आकड्याशी दोन-तीन अंशांहून अधिक तफावत निघाल्यास तो संवेदक नाकारावा.

२०२१च्या जुलैत केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन, प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या दुचाकी-चारचाकी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणीची तजवीज झाली. चासी, बॉडी वा एंजिन यांत मोठे बदल झालेले नसावेत ही तिची अट आहे. पन्नास वर्षांच्या मर्यादेमुळे आता पद्मिनीच्या पहिल्या गाड्याही या वर्गात येऊ लागल्या आहेत. संवेदक व पंखा या अटीच्या शब्दांत थेट येत नसले, तरी कापलेले, भोके पाडलेले काम पुढे दाखवावे लागू नये, यासाठी प्रत्येक जोड पूर्ववत करता येईल असाच ठेवणे इष्ट. देखभालीत पाण्याकडे लक्ष हवे. मराठवाड्यातील काळ्या खडकातून येणारे बोअरचे पाणी बहुधा जड असते; त्यातील क्षारांचा पांढरा थर संवेदकाच्या टोकावर बसला की तो उष्णता उशिरा ओळखतो आणि पंखा काही अंश मागे पडतो. शुद्ध केलेले पाणी व कूलंट यांचेच मिश्रण भरावे, आणि दरवर्षी होळीपूर्वी संवेदक काढून, पुसून, पातेल्यातली तीच पारख पुन्हा करावी.