गृहबाग, देशी वनस्पतींची

त्या त्या भागात आपसूक उगवणारी झाडे, झुडपे, वेली आणि गवते घराभोवती लावून केलेली बाग. लावणीनंतरचे दोन उन्हाळे निभावले की तिला पाणी, खत व फवारणी फारशी लागत नाही. म्हणून ती कमी निगेची समजतात. ही नोंद महाराष्ट्रातील घरांपुरती आहे.

जुन्या परसात सांडपाण्यावर केळ व अळू, कुंपणाला अडुळसा किंवा निर्गुडी आणि अंगणात तुळस व पारिजातक अशी मांडणी सर्रास दिसे. बंगल्याभोवती हिरवळ राखण्याची इंग्रजी रीत आली आणि परस मागे पडला. परदेशी झाडे मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून येत होती. देवाच्या हारातला झेंडू मूळचा मेक्सिकोचा, देवळापुढचा पांढरा चाफा मध्य अमेरिकेकडचा, गुलमोहर आणि सदाफुली मादागास्करची, गुलबाक्षी व बोगनवेल अमेरिका खंडांतली. ही घरात रुळलेली झाडे उपटून टाकण्याचे काही कारण नाही. उपद्रवी ठरतात ती कुंपणाबाहेर रानोमाळ पसरणारी घाणेरी आणि सुबाभूळ. घाणेरीने डोंगरउतार व्यापले असताना तिचे रंगीत वाण रोपवाटिकांतून विकले जातात, हे नवलच.

निवडीचा खरा निकष पाऊस. कोकणात वर्षाला 2,500 मिमीहून अधिक, पुणे शहरात 700 मिमीच्या आसपास, तर माण-खटावकडे 500 मिमीच्या आगेमागे पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यामुळे ‘देशी’ अशी पाटी लावलेले झाड सगळीकडे बिननिगेचे ठरत नाही. ताम्हण हे राज्यफूल. पण ते झाड मुळात ओढ्या-नद्यांच्या काठचे. कोकणात ते विनासायास वाढते, अवर्षणप्रवण तालुक्यात त्याला उन्हाळाभर पाणी घालावे लागते. सीताअशोकाचेही तसेच. कोकणात त्यांच्या जोडीला सुरंगी, उंडी, रातांबा, बकुळ शोभतात. पुणे-नाशिककडील मुरमाड जमिनीत बहावा, कुडा, धायटी, मुरुडशेंग टिकतात. विदर्भात पळस आणि बेल आहेतच. कोरड्या पट्ट्यात आपटा, बोर आणि मुख्य म्हणजे तरवड. तरवड हे झुडूप बागेत फार कमी दिसते. त्याची साल कातडी कमावायला वापरीत, म्हणून ते ‘कामाचे’ ठरले आणि शोभेच्या यादीतून गळाले असावे. पिवळ्याधमक फुलांनी लगडलेले तरवड खडकाळ माळावर पाहिले, तर बागेत त्याला जागा का नाही, असा प्रश्न पडतो. पारिजातकाचे मात्र लाड फार होतात. मध्य भारताच्या कोरड्या डोंगरउतारांवर वाढणारे हे झाड आहे. रोज पाणी घालून त्याचे भले होत नाही, मुळाशी पाणी साचले तर ते खंगते.

कुंपणासाठी करवंदाला तोड नाही. ताज्या फळांचे बी मेअखेरीस गोळा करून लगेच पेरावे. साठवले तर त्याची उगवण झपाट्याने घटते. रोपे दोन-दोन फुटांवर लावून पहिली दोन वर्षे वरून छाटली की खालून फांद्या फुटतात आणि काट्यांची जाळी दाट होते. तिच्यातून कुत्रेही शिरत नाही. मार्चपासून पांढरी सुवासिक फुले, मे महिन्यात करवंदे. तारेच्या कुंपणाकडून यातले काहीच मिळत नाही. कुंपणावर रानजाई किंवा शतावरी चढवता येते. सावलीच्या कडेला अबोली आणि कोरांटी लावाव्यात. अबोलीची वाळलेली बोंडे पाणी पडताच तडकतात आणि बी दूर उडते. पुढच्या पावसाळ्यात तिची रोपे आपोआप उगवतात, ती फक्त विरळ करायची.

हिरवळ हा अशा बागेतला सर्वांत खर्चिक भाग. विकतचा गालिचा उन्हाळ्यात जवळजवळ रोज पाणी मागतो आणि सतत कापावा लागतो. त्याऐवजी हरळी राखली तर ती एप्रिल-मेमध्ये पिवळी पडते, पहिल्या पावसाबरोबर पुन्हा हिरवी होते. ते पिवळेपण ज्यांना बघवत नाही त्यांनी कमी निगेच्या बागेचा नाद सोडावा. उतारावर वाळा लावला तर त्याची खोल मुळे माती धरून ठेवतात.

लावणी पहिल्या चांगल्या पावसानंतर करतात. रोप फार मोठे घेऊ नये. पिशवीत मुळे गोल फिरलेले चार फुटी रोप जमिनीत बसायला वेळ घेते, लहान रोप लवकर मूळ धरते. आळ्यात पालापाचोळ्याचे जाड आच्छादन घालावे, मात्र ते खोडाला भिडू देऊ नये. पहिल्या दोन उन्हाळ्यांत आठवड्यातून एक-दोनदा भरपूर पाणी द्यावे. रोज थोडे शिंपडल्याने मुळे वरवरच राहतात. रोपाशेजारी भाजलेले साधे मडके गळ्यापर्यंत पुरून ते भरत राहण्याची जुनी युक्ती अजूनही कामाची आहे. कुंडीतील माती लवकर वाळते, म्हणून गच्चीवर हीच झाडे कमी निगेची राहत नाहीत.

बागेत अळ्या येणारच, किंबहुना त्या याव्यात. बेल, लिंबू, कढीलिंब या एकाच कुळातील झाडांवर ब्ल्यू मॉरमॉन या राज्य फुलपाखराचे भाऊबंद अंडी घालतात. रुईवर प्लेन टायगर, तर बहाव्यावर कॉमन एमिग्रंट. पाने कुरतडलेली दिसताच औषध मारले, तर फुलपाखरांसाठी बाग केली असे म्हणण्यात अर्थ उरत नाही.

घरात लहान मुले असतील तर कळलावी लावू नये; ती सर्वांगाने विषारी असून कंद विशेष घातक आहे. रुईचा चीकही डोळ्यांना घातक. वड, पिंपळ, उंबर पूज्य आणि पक्ष्यांच्या सोयीचे असले तरी घराच्या भिंतीलगत नकोत. पुढे ते तोडणेही सोपे नसते : महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 नुसार शहरी हद्दीत स्वतःच्या आवारातील झाड तोडायलाही परवानगी लागते. रोपे जंगलातून उपटून आणू नयेत. रस्त्याकडेच्या झाडाखाली पडलेले बी पुरते. बहाव्याचे बी तेवढे कठीण कवचाचे असल्याने टोकाला किंचित घासून किंवा गरम पाण्यात रात्रभर भिजवून पेरावे लागते.