हर्पिसची रक्ततपासणी आणि तिच्या अर्थनिर्णयाचा इतिहास : शहापूर-मुरबाड परिसराच्या संदर्भात

प्रास्ताविक

दोन-तीन वेळा गर्भपात झालेल्या स्त्रीच्या हाती आपल्याकडे अनेकदा एक कागद येतो. वर ‘टॉर्च’ हे नाव, खाली काही रोगांची नावे, प्रत्येकापुढे आयजीजी आणि आयजीएम असे दोन रकाने आणि त्यांत दशांशातले आकडे. ही स्त्री शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातील एखाद्या वाडीवरची असेल, तर तिच्या रक्ताचा नमुना बहुधा कल्याण, ठाणे वा मुंबईच्या प्रयोगशाळेकडे जातो. (तानसा-भातसाचे पाणी शहराकडे जाते, तसेच रक्तही जाते, परत येतो तो कागद.) हर्पिसपुढे ‘पॉझिटिव्ह’ असे लिहिलेले असले की घरात दोन प्रश्न उभे राहतात. हा रोग कोणाकडून आला? आणि मूल राहिले नाही ते यामुळेच का? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्या कागदावर नसतात. तरीही ती तेथे आहेत, अशी समजूत कशी रूढ झाली, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. लेखकाचा विषय इतिहास आहे, वैद्यक नव्हे. त्यामुळे येथे उपचाराची चर्चा केलेली नाही.

नावाचा घोटाळा

गोंधळाची सुरुवात आकड्यांच्या आधी, शब्दापाशीच होते. मराठी माणूस ‘हर्पिस’ म्हणजे नागीण असे समजतो. हे अगदीच चूक नाही, कारण नागिणीचे वैद्यकीय नाव ‘हर्पिस झोस्टर’ असेच आहे. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ सरपटणे असा असल्याने ग्रीक वैद्य आणि आपले लोक एकाच उपमेपाशी पोहोचले, असे म्हणता येईल. परंतु नागीण हा कांजिण्यांच्या विषाणूचा उत्तरकालीन उद्रेक होय. अहवालातील ‘हर्पिस सिम्प्लेक्स’ हा निराळा विषाणू असून त्याचे दोन प्रकार आहेत. नागिणीची दोन टोके जुळली की माणूस दगावतो, या जुन्या भयाची छाया त्यामुळे भलत्याच रोगावर पडते. नागिणीवर गेरू लावणाऱ्या आजीला ‘सुनेच्या रक्तात हर्पिस निघाला’ असे सांगितले, तर तिच्या मनात काय उभे राहील, याची कल्पना केलेली बरी.

वासरमानचा वारसा

रक्ताच्या कागदाने चारित्र्याचा निवाडा करण्याची प्रथा हर्पिसपेक्षा बरीच जुनी आहे. सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या ‘भावप्रकाशा’त फिरंगरोगाचे वर्णन आहे, मराठीत याच रोगाला पुढे ‘गरमी’ म्हटले गेले. या रोगासाठी वासरमान, नायसर आणि ब्रुक यांनी १९०६ मध्ये बर्लिन येथे रक्ताची चाचणी प्रसिद्ध केली. उपदंशग्रस्त अर्भकाच्या यकृताचा अर्क वापरून त्यांनी ती केली होती. अर्कात रोगजंतू आहेत, म्हणून रक्तातील त्याविरुद्धचे द्रव्य सापडते, ही त्यांची उपपत्ती. थोड्याच काळात आढळले की निरोगी प्राण्याच्या अवयवाचा, उदाहरणार्थ बैलाच्या हृदयाचा अर्क घेतला तरी चाचणी चालते. उपपत्ती ढासळली, चाचणी मात्र टिकली. लुडविक फ्लेक या पोलिश जंतुशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये याच प्रकरणावर ग्रंथ लिहिला. ‘दूषित रक्त’ ही शतकानुशतकांची कल्पना प्रयोगशाळेत शिरली आणि तिने शास्त्रज्ञांना चाचणीची दिशा दाखविली, असे त्याचे प्रतिपादन आहे. विज्ञानाच्या इतिहासाच्या अध्यापकांनी हा ग्रंथ अवश्य वाचावा.

मेरी पँगबॉर्न यांनी १९४१ मध्ये बैलाच्या हृदयातून कार्डिओलिपिन हे द्रव्य वेगळे केले आणि त्याच्या आधारे १९४६ मध्ये व्हीडीआरएल चाचणी आली. आजही आपल्या ग्रामीण रुग्णालयांत गरोदर स्त्रियांच्या संदर्भात हे नाव ऐकू येते. ही चाचणी जंतू शोधत नाही. म्हणूनच हिवताप, कुष्ठरोग, कधी कधी गर्भारपण यांतही ती ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते. नेल्सन व मेयर यांनी १९४९ मध्ये प्रत्यक्ष जंतूंचा वापर करणारी चाचणी तयार केली, तेव्हा अनेकांवरील शिक्का पुसला गेला. १९५२ मध्ये मूर आणि मोर यांनी अशा खोट्या निष्कर्षांचा स्वतंत्र अभ्यास मांडला. ठाणे जिल्ह्याच्या जंगलपट्टीत हिवताप आणि कुष्ठरोग दोन्ही परिचयाचे होते. अशा मुलखात केवळ त्या एका कागदावरून एखाद्यास गरमी झाल्याचे ठरविणे किती धोक्याचे होते, हे निराळे सांगावयास नको.

‘टॉर्च’ : एका आद्याक्षरीचा प्रवास

हर्पिस सिम्प्लेक्सचे दोन प्रकार श्नेवाईस यांनी १९६२ मध्ये दाखविले; नाहमियास आणि डाउडल यांच्या १९६८ च्या कार्याने ते सर्वमान्य झाले. पहिला प्रकार मुख्यतः तोंडाचा. तो बहुधा बालपणी, घरच्यांच्या मुक्यातून लागतो आणि ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला फोड उठतात, एवढीच त्याची ओळख असते. दुसरा मुख्यतः लैंगिक संबंधातून येतो. ही विभागणी काटेकोर नाही. जननेंद्रियांवर पहिला प्रकारही आढळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अंदाजानुसार ५० वर्षांखालील सुमारे ६४ टक्के लोकांत पहिला प्रकार होता, तर १५ ते ४९ वयोगटातील सुमारे १३ टक्के लोकांत दुसरा. म्हणजे पहिल्या प्रकाराचा आयजीजी ‘पॉझिटिव्ह’ येणे, हे मानवजातीच्या बहुसंख्येत मोडणे होय.

याच नाहमियास यांनी १९७१ मध्ये ‘टॉर्च’ ही आद्याक्षरी रूढ केली. टोक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलोव्हायरस आणि हर्पिस हे आईकडून बाळाला होणारे संसर्ग होत. नवजात अर्भकात त्यांची लक्षणे परस्परांसारखी दिसतात, म्हणून बालरोगतज्ज्ञाला ते एकत्र आठवावेत, एवढाच तिचा उपयोग होता. पुढे प्रयोगशाळांनी या नावाचे चाचणीसंच काढले. आद्याक्षरी पाळण्यापासून निघाली आणि वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रीपाशी येऊन थांबली. वास्तविक गर्भपात पुन्हा पुन्हा घडवून आणण्यासाठी जी चिकाटी जंतूमध्ये असावी लागते, ती या संसर्गांत आढळत नाही. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनेकॉलॉजिस्ट्स या संस्थेने २०११ च्या मार्गदर्शिकेत अशा स्त्रियांची सरसकट टॉर्च तपासणी सोडून द्यावी, असे स्पष्ट नमूद केले. आपल्याकडे ती चालूच आहे. गरोदरपणाच्या अखेरीस हर्पिसची प्रथमच लागण झाली तर बाळाला गंभीर धोका संभवतो, हे खरे. परंतु तो प्रश्न वेगळा आहे.

येथे इतिहासाने केलेली एक थट्टा नोंदवावीशी वाटते. व्हीडीआरएलचे जे निष्कर्ष ‘खोटे’ म्हणून बाजूला टाकले जात, त्यांतील काही स्त्रियांना वारंवार गर्भपात होत असल्याचे दिसत होते. १९८३ मध्ये ग्रॅहम ह्यूज यांनी रक्त गोठण्याशी निगडित अशा एका विकाराचे वर्णन केले. त्यात शरीर कार्डिओलिपिनसारख्या द्रव्यांविरुद्धच प्रतिपिंडे तयार करते. वारंवार गर्भपाताचे हे आज मान्य झालेले आणि उपचार करता येण्याजोगे कारण आहे. गरमीच्या दृष्टीने खोटा ठरलेला कागद दुसऱ्याच रोगाची खरी बातमी देत होता. ती वाचणारे कोणी नव्हते.

आकड्यांचा अर्थ

अहवालातील आयजीएम हा रकाना ताज्या संसर्गाचा मानला जातो. हर्पिसच्या बाबतीत तो भरवशाचा नाही. जुना संसर्ग पुन्हा उसळला तरी तो वाढतो आणि प्रकारांतील भेद त्याला ओळखता येत नाही. आयजीजी शरीरात तयार होण्यास काही आठवडे लागतात आणि पुढे तो टिकून राहतो, मात्र त्यावर तारीख नसते. तो लग्नाआधीचा की नंतरचा, पतीकडून की आणखी कोणाकडून, हे कोणतीही प्रयोगशाळा सांगू शकत नाही. तरीही जाब विचारला जातो तो स्त्रीला. पतीचे रक्त तपासले जाणे विरळाच.

प्रकारभेद दाखविणाऱ्या, ग्लायकोप्रोटीन-जी या प्रथिनावर आधारलेल्या चाचण्यांना अमेरिकेत १९९९ पासून मान्यता मिळू लागली. त्यांतही एक मेख आहे. प्रचलित चाचणीत १.१ च्या वरचा निर्देशांक ‘पॉझिटिव्ह’ मानतात, परंतु १.१ ते ३ या पट्ट्यातील दुसऱ्या प्रकाराचे निष्कर्ष अनेकदा खोटे निघतात. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याबाबत इशारा दिला. खात्रीसाठी वॉशिंग्टन विद्यापीठातील वेस्टर्न ब्लॉट चाचणीचा दाखला दिला जातो; मुरबाडच्या स्त्रीला तिचा उपयोग काय, हा प्रश्न उरतोच.

चाचणी निर्दोष नसली की तिच्या निष्कर्षाचा अर्थ तपासल्या जाणाऱ्या समाजावर अवलंबून राहतो. उदाहरणादाखल धरू की एक हजार स्त्रियांपैकी ५० जणींना खरोखर दुसऱ्या प्रकाराचा संसर्ग आहे आणि चाचणी दोन्ही बाजूंनी ९५ टक्के अचूक आहे. पन्नासांपैकी सुमारे ४८ जणी सापडतील. उरलेल्या ९५० निरोगी स्त्रियांपैकीही पाच टक्के, म्हणजे सुमारे ४८, ‘पॉझिटिव्ह’ ठरतील. निम्म्या जणींच्या कपाळी फुकटचा शिक्का बसेल. हा हिशेब माध्यमिक शाळेतील मुलाला जमेल, पण अहवालावर तो कोठेही छापलेला नसतो.

समाजातील हे प्रमाण कळावे कसे? राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तक्रार असलेल्या आणि नसलेल्या, अशा दोन्ही स्त्रिया त्यांनी तपासल्या. ९२ टक्के स्त्रियांत कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला. त्यापूर्वी तपासणी व उपचार झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. गावात जाऊन, स्त्रीशी बोलून, तिला प्रत्यक्ष तपासून केलेले हे काम होते. दूरच्या शहरातून आलेल्या सुट्या आकड्याला अशी पार्श्वभूमी नसते.

सरकारी व्यवस्थेने याबाबत सुज्ञपणा दाखविला आहे, हे मान्य केले पाहिजे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या ‘सुरक्षा क्लिनिक’ योजनेत लक्षणे पाहून रंगीत औषधसंच देण्याची पद्धत आहे. त्यांतील क्रमांक ५ चा, लाल रंगाचा संच हर्पिसच्या व्रणांसाठी असून त्यात असायक्लोव्हिरच्या गोळ्या असतात. तो देताना रक्ताच्या अहवालाची वाट पाहावी लागत नाही. रुग्णाला पाहावे लागते.