बोंबील टपावर, माणसं आत

शहापूर आणि मुरबाड हे तालुके बंदरपट्टी आणि घाटमाथा यांच्या मधोमध येतात, त्यामुळे इथल्या वाटांवरून वासाचा माल कायमच गेला. कल्याणकडून नाणेघाटाने जुन्नरला आणि थळघाटाने नाशिककडे मीठ आणि सुकी मासळी चढायची, वरून धान्य उतरायचं. आधी लमाणांचे बैल, मग बैलगाड्या. मोहाची फुलं, ओलं गवत, कातडी, जनावरं हा तर गावचाच माल. तरीही गाडीला वास येतो अशी तक्रार त्या काळी कुणाच्या तोंडी असेल असं वाटत नाही. लोकांची नाकं काही मुर्दाड नव्हती. वास राहायला गाडीत जागाच नव्हती. बैलगाडीच्या साटीत भाताचा पेंढा पसरायचा, बाजूला बांबूच्या तट्ट्या लावायच्या. मासळीचं पाणी असो की वासराचं मूत, ते पेंढ्यात मुरायचं. घरी आलं की तो पेंढा उकिरड्यावर आणि साटीत नवा. वास शोषणारा थर दर खेपेला फेकून देता येत होता, वरून वाराही मोकळा होता. पुढे मोटारीने नेमक्या याच दोन गोष्टी काढून घेतल्या, हे लक्षात घेतलं की गाडीतल्या वासाचा इतिहास उलगडू लागतो.

आगगाडी आली तेव्हा बंद डब्याचा प्रश्न पहिल्यांदा उभा राहिला. रेल्वे वासिंदपर्यंत 1855मध्ये, आसनगावला 1860मध्ये आणि कसाऱ्याला 1861मध्ये पोचली. मुरबाडला ती आजवर आलेली नाही. शहापूरच्या बाजूने वासाचा माल रुळांवर चढला आणि त्याला वेगळी जागा मिळत गेली. मुंबईच्या लोकलला आजही मासळीच्या पाट्या आणि भाजीच्या टोपल्यांसाठी मालडबा असतो, तो याच विचारातून. मुरबाडची भिस्त रस्त्यावर. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि पुढे गावोगाव पोचलेल्या या गाडीला मागे शिडी, वर टप होता. बोंबलाचं बोचकं, कोंबड्यांची खुराडी, आंब्याच्या करंड्या टपावर आणि माणसं आत. काळ्यापिवळ्या जीपने तीच रीत कॅरिअरवर चालवली. उघडी साटी, मालडबा, टप, कॅरिअर ही सगळी व्यवस्था एकाच तत्त्वावर उभी होती: माल आणि माणूस यांची हवा एक होऊ द्यायची नाही.

घरच्या मोटारीने ती एक केली. 1983मध्ये मारुती आली, पाठोपाठ ओम्नी. ॲम्बॅसडरची डिकी निदान स्वतंत्र होती. छोट्या मोटारींत आणि व्हॅनमध्ये डिकी म्हणजे मागच्या सीटच्या पाठीमागची जागा, दोन्हीकडे हवा तीच. त्यावर खाली चिकटवलेलं कार्पेट, त्याखाली नमद्याचा जाड थर, सीटमध्ये फोम, आणि एसी आल्यावर काचा कायमच्या वर. बाहेर पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. माहुली किल्ल्यावरून उतरलेले चिखलाचे बूट, ओल्या छत्र्या, कल्याणहून आणलेलं सुकट, झाकण सैल राहिलेला दुधाचा कॅन, सगळं त्याच हवेत. साटीतला पेंढा बदलता येत होता. हे कार्पेट गाडी विकेपर्यंत तेच.

यावर बाजाराने जो उपाय दिला त्याचा जन्मही दुधातूनच झाला आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरटाउन इथे दुधाच्या गाडीचा एक चालक सांडलेल्या दुधाच्या वासाने हैराण झाला होता आणि त्याची तक्रार ऐकून ज्युलियस सामान या रसायनतज्ज्ञाने सुगंधी तेलात भिजवलेलं झाडाच्या आकाराचं पुठ्ठ्याचं पान काढलं, असं सांगतात. हा 1950च्या दशकाचा आरंभ. आरशाला लटकणारं ते झाड पुढे जगभर गेलं. आपल्याकडे त्याला कापूर, मोगरा आणि डॅशबोर्डवरच्या देवाची उदबत्ती येऊन मिळाली. पण दूध कार्पेटमध्येच राहिलं! सुगंध हवेत असतो आणि वासाचं मूळ नमद्यात, त्यामुळे दोघांची गाठ पडत नाही. नाकाला मात्र दोन्ही एकदम येतात, आणि मळमळ होते ती या मिश्रणाने.

मूळ काढायचं तर वासाची जात ओळखावी लागते. मासळीचा वास अमाइन जातीच्या द्रव्यांचा, तो आंबटाने दबतो. म्हणून कोकणपट्टीत मासळीचं भांडं चिंचेने किंवा लिंबाने घासतात, आणि ते रसायनशास्त्राला धरूनच आहे. नासक्या दुधाचा वास आम्लांचा, त्याला चिंच लावून काही होणार नाही. आधी गार पाण्याने दूध काढून, पिळून, वर खायचा सोडा दाबून ठेवावा लागतो. ओलीचा वास बुरशीचा. तो सीटमध्ये नसेल तर एसीच्या आतल्या गारठलेल्या जाळीवर असतो आणि पाणी बाहेर सोडणारी बारीक नळी तुंबलेली असली की हमखास येतो. ही नळी साफ करायला दहा मिनिटं पुरतात, पण तिच्यावर नफा कुणाला? वास शोषायला गाडीत ठेवायच्या कोळशाच्या पिशव्यांचा बाजार मात्र जोरात आहे, आणि इथे या तालुक्यांचा एक विचित्र संबंध लागतो. याच रानात कातकऱ्यांनी भट्ट्या लावल्या आणि त्यांचा कोळसा शहरात जळायला गेला. कोळसा वास शोषतो हे युरोपात चांगलं ठाऊक होतं. जॉन स्टेनहाउसने 1854मध्ये कोळशाचा श्वसनमुखवटाच केला होता. अर्थात भट्टीचा साधा कोळसा आणि वाफेने प्रचंड तापवून सच्छिद्र केलेला कोळसा यांत फार फरक आहे. चुलीतला निखारा विझवून गाडीत ठेवला तर काम होईल, पण थोडंच.

यावर कुणी म्हणेल, जुन्या गाड्याही घाणच मारत. बिडी, रॉकेल, डिझेल, घाम, सगळं होतं. खरं आहे. टपाची व्यवस्था सुगंधी नव्हती. पण तो वास येणारा-जाणारा होता. उतरलं की सुटला. घरच्या मोटारीचा वास मुक्कामाला येतो. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे आणि तो टाळून चालणार नाही. मालाबरोबर माणसंही बाहेर काढली गेली. पाटी घेऊन निघालेल्या मावशीला मालडब्यातच चढावं लागलं, जीपमध्ये रानभाजीचा भारा घेऊन आलेल्या ठाकरीणबाईला मागची जागा मिळाली, आणि ‘वास येतो’ हे वाक्य पुष्कळदा बोचक्याबद्दल नसून बोचकं धरणारीबद्दल असायचं. त्यामुळे जुनी रीत होती तशी उचलून आणा, असं म्हणता येत नाही. मात्र तिच्यातला दोष माणूस वेगळा काढण्यात होता, माल वेगळा ठेवण्यात नव्हता. मासळी टपावर बांधून तिची मालकीण खिडकीपाशी बसली असती तर एसटीचं काही बिघडलं नसतं.

वासाच्या मालावर पोट असलेल्यांनी हा धडा पुन्हा गिरवला आहे. 2005मध्ये टाटांची एस, म्हणजे ‘छोटा हत्ती’, आली आणि मासळी, दूध, भाजी, म्हसा गावच्या जत्रेत घेतलेले बैल असला माल मागच्या उघड्या हौद्यात गेला. चालकाची केबिन पुढे, वेगळी. हौद्यात पेंढा टाकतात, पाइप लावून धुतात, फाळका उघडून पाणी काढून देतात. त्या हौद्यात कुणी मोगऱ्याची डबी टांगत नाही. डबीचं गिऱ्हाईक घरच्या मोटारवाला. आणि त्याला अत्तराच्या आधी घ्यायला हवा तो डिकीत बसणारा, बाहेर काढून धुता येणारा, उंच काठाचा रबरी ट्रे.